हद्दीबाहेरच्या एक्केचाळीस पेट्या

सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी सातेरवडे गाव मेलं.

म्हणजे पडद्यावर मेलं. पुण्यात सहगणन मंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतभर नकाशा होता. त्यात राज्यातल्या वाड्यावस्त्या हिरव्या ठिपक्यांनी लुकलुकत असायच्या. खाली डाव्या कोपऱ्यात, दर्यापासून थोडं आत, एक्केचाळीस ठिपके आधी पिवळे झाले, मग तांबडे झाले, मग नाहीसेच झाले. केतकी घाडीगांवकरच्या हातातला चहाचा कप ओठापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला.

"लाईन तुटली असेल," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"लाईन तुटली तर सगळे एकदम जातात," केतकी म्हणाली. "हे एकेक करून गेले. वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत. कुणी दिवे मालवत चालत गेल्यासारखे."

आणि हे तोंडातून निघालं तसं तिला आठवलं. मार्गशीर्ष चालू होता. तिनं फोन काढला. दहा दिवसांपूर्वीचा शालनकाकीचा निरोप न ऐकलेलाच पडला होता. तिनं तो कानाला लावला.

"केतक्या, देवीन कौल दिल्यान गो. सोमवारी गाव पळतला. तुका जमला तर ये. नाय जमला तर नाय. पण फोन उचलूक काय होता तुका?"

आपल्या गावाचा कौल आपल्याला मंडळाच्या भिंतीवर कळावा! त्याहून वाईट म्हणजे मंडळात सध्या जी चाचणी चालू होती, तिच्या तारखा केतकीनंच ठरवल्या होत्या.

सातेरवड्यात चार-पाच वर्षांनी एकदा देवीला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, की ठरलेल्या दिवशी अख्खं गाव हद्द ओलांडून नदीपल्याड जातं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा जातो. चुलीवर पाणी ओतलं जातं. गावात जीव म्हणून ठेवायचा नाही. कुणी म्हणतं, ते तीन दिवस गाव भुतांचं. कुणी म्हणतं, मातीला विसावा द्यायचा. केतकी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा पळाली होती, गवताच्या खोपीत झोपली होती. तेव्हा मुकुंदकाका होते. त्यांच्याएवढी खोप कुणालाच शाकारता येत नसे.

नंतर एका आश्विनात भात कापताना त्यांच्यावर वीज पडली. शालनकाकी पडवीत उभी होती. आभाळ बघून तिला हाक मारायची होती, पण उगाच कामातून कशाला उठवा म्हणून ती थांबली. तेवढं थांबणं तिला पुरलं, जन्मभर.

*

सहगणन म्हणजे काय हे केतकी गावात समजावून सांगायची तेव्हा पाट्या-वरवंट्याचं उदाहरण द्यायची. तुमच्या घरी पाटा आहे, तो दिवसातून तासभर चालतो. उरलेला वेळ रिकामाच. शेजारणीकडे लग्न असलं तर ती येऊन वाटून घेते. तसंच हे. एकाच ठिकाणी हजारो संगणकांची अजस्र शेड बांधायची, तिला नदीभर पाणी पाजून थंड ठेवायची, यापेक्षा घरोघरी एक पेटी. ग्रामसभेनं विकत घेतलेली, बिस्किटाच्या डब्याएवढी, छपरावरच्या सूर्यपत्र्यावर चालणारी. एकीला काम जड झालं, की दुसऱ्या दोनशे जणी हात लावतात.

पण त्यासाठी एक गोष्ट क्षणोक्षणी माहीत लागते. कोण जागी आहे? कुणाकडे किती जागा रिकामी आहे? कोण तापलीय, कुणाची बॅटरी उतरलीय? ही माहिती दर श्वासाला बदलते. लिहून घेईपर्यंत ती शिळी होते. मग ती ठेवायची कशात? मंडळापुढे दोन माहितीसाठे होते, आणि कुठला निवडायचा यासाठी केतकीनं महिनाभर त्यांची तुलना करून तक्ता भरायचा होता. एकोणतीस ओळींचा.

पहिला ध्रुव. त्यात एकच खरी वही. पुण्यात, तिच्या दोन हुबेहूब प्रती आणखी दोन शहरांत. प्रत्येक पेटीनं दर दहा सेकंदांनी "आहे" म्हणायचं. तीन वेळा म्हटलं नाही, की "मृत". जागा दुसऱ्याला. परत यायचं तर नोंदवलेल्या हद्दीत असल्याचं सिद्ध करायचं, कारण तीन वर्षांपूर्वी ट्रकभर पेट्या चोरीला गेल्या होत्या. ध्रुवाला काही विचारलं, की अकरा मिलिसेकंदांत उत्तर. आणि उत्तर कधीच दोन तऱ्हेचं नाही.

दुसरा शेजार. त्यात मधली वहीच नव्हती. प्रत्येक पेटीकडे आपल्या आसपासच्या पाचपन्नास पेट्यांची पानं. एक दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला, आणि होता होता सगळ्यांना कळतं. उत्तर मिळायला ध्रुवाच्या तीसपट वेळ. कधी दोन पेट्या दोन गोष्टी सांगायच्या, आणि थोड्या वेळानं त्यांचं जुळायचं. शेजारच्या प्रत्येक पानावर एक जादा ओळ होती, तिचं नावच "शेजारी म्हणतात". पेटी स्वतः बोलत नसेल, तर तिच्याबद्दल तिथं वाचायचं.

एक आठवडा ध्रुव, एक आठवडा शेजार, पुन्हा ध्रुव, पुन्हा शेजार. सतरावा दिवस चालू होता. हा आठवडा ध्रुवाचा. एकोणतीसपैकी बावीस ओळींत ध्रुव पुढे होता, आणि केतकीला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. आकडे आकड्यांच्या जागी बरोबर होते.

"तुझंच गाव ना हे?" इनामदार सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. रघुवीर इनामदार, चाचणीचे प्रमुख. रत्नागिरीच्या कॉलेजात त्यांनीच तिला पहिल्यांदा मशीन उघडून दाखवलं होतं, आणि मंडळात आणलंही त्यांनीच.

"हो सर. गावपळण आहे. मी तारीख विसरले."

"काय पळण?"

तिनं सांगितलं. सर हसले, पण वाईट नाही. "मग सोपंय. ते तीन दिवस आणि त्या एक्केचाळीस पेट्या तक्त्यातून वगळ. गाव उठून गेलं यात साठ्याचा काय दोष?"

"मी जाऊन बघून येते."

"ये जाऊन. खोपीत झोपून ये. पण शुक्रवारी आतापर्यंतचा तक्ता हवा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी नदीपल्याडच्या माळावर पोचली, आणि जे दिसलं त्यावर तिचा विश्वासच बसेना.

खोपींची रांग. चुली धुमसताहेत. एका वळेसराच्या झाडाखाली फळ्या मांडलेल्या, आणि फळ्यांवर एका ओळीत एक्केचाळीस पेट्या, एकेकीवर ओला टॉवेल. बाजूला वेळूच्या काठ्या रोवून त्यांवर विजेचा अंदाज घेणाऱ्या पितळी थाळ्या. सूर्यपत्रे गवतावर पसरलेले, आणि त्यांवर कोंबड्यांनी बसू नये म्हणून शालनकाकी काठी घेऊन राखणीला.

"इलस? बस," काकी म्हणाली, जणू केतकी बाजारातून आली होती. "वायच त्या कोंबड्याक हाकल आदी."

"काकी, पेट्या कशाला आणल्या? त्या बंद करून घरीच ठेवायच्या होत्या!"

"ता ह्येंका इचार," काकीनं काठी पुढे केली.

पुढे आबा राऊळ बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गावकर, कौल लावायचा मान त्यांचा. "मी म्हटलंय, पेटी म्हणजे भांडा. भांडी घरात ऱ्हवतत, पेटी पण ऱ्हवांदे. तर ही तुजी काकी माज्या अंगार इली. म्हणता, आबा, भांड्याक हाक मारल्यार ता ओ देता? पेटी देता. जा ओ देता ता गावात ठेवचा नाय."

"मग?"

"मग काय? देवीकच इचारलो. उजवो कौल पडलो! एकेचाळीस पेटी बायांनी डोक्यार घेतल्यानी. मी म्हटलंय, आता हेंका पेज पण घाला दोन येळ."

"पेज नाय घातलंय, पण ऊन्ह दाखवलंय," काकी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पण केतक्या, काल धरून ह्यो रुसल्यो आसत. चालू आसत, पण कोण तेंका ओळखच देणा नाय. माका आवडणा नाय ह्या. वरसून आभाळ बघ."

केतकीनं वर बघितलं. मार्गशीर्षात इथं आभाळ निळंशार असायचं, तिच्या लहानपणी. आता दर्या तापून तापून ऋतूंच्या कडा विरल्या होत्या. डोंगराच्या मागे काळा ढग फुगत होता, आणि सकाळपासून त्याची गुरगुर चालू होती.

तिनं लॅपटॉप उघडला. सातेरवडे १ ते ४१. मृत. मृत. मृत. परत नोंदवायचा अर्ज केला. उत्तर अकरा मिलिसेकंदांत: ठिकाण हद्दीबाहेर. तिनं अधिकाऱ्याची चावी लावून पुन्हा केला. ठिकाण हद्दीबाहेर. एक्केचाळीस वेळा.

आणि पेटीला ओळख नाही म्हणजे वीज पडण्याआधी पेटी देते तो इशारा नाही. कारण विजेचा हिशेब एकट्या पेटीच्या आवाक्यातला नसतो. थाळीला फक्त डोक्यावरच्या हवेतला ताण कळतो, ताणलेल्या दोरीवर बोट ठेवल्यासारखा. दोरी नेमकी कुठे आणि कधी तुटणार हे काढायचं, तर शेकडो थाळ्यांचे ताण, वारा, दमटपणा सगळं एकत्र मांडावं लागतं. एका पेटीला त्याला दोन तास लागतात. दोन तासांत वीज पडून, पाऊस पडून, चिखलसुद्धा वाळायला लागतो. दोनशे पेट्यांनी हात लावला तर चाळीस सेकंद. पण दोनशेंना हाक मारायची, तर आधी वहीत आपलं नाव हवं.

"किती माणसं आहेत काकी?"

"तीनशे ऐंशी. बायो नदीर धुवूक गेल्यो, बापये गुरांवांगडा, आनी पोरां सगळ्या माळार."

"आणि पक्कं छप्पर?"

"त्या काजीच्या कारखान्याचो स्लॅब. धा मिनटां चलाचा लागता."

आबांनी मान हलवली. "सकाळधरून तीनदा गेलव थय. तीनदा काय झाला नाय. आता कोण उठाक तयार नाय. गुरगुरता म्हणान तीन दीस कोंडान बसाचा काय?"

केतकीनं सरांना फोन लावला.

"सर, मला या एक्केचाळीस पेट्या आत्ता शेजारवर घ्यायच्या आहेत."

"हा ध्रुवाचा आठवडा आहे."

"माहीत आहे."

"आठवड्याच्या मध्ये बदललंस तर चाचणी रद्द. अख्खी. सतरा दिवस, साठ माणसांचं काम. नियम तूच लिहिलायस केतकी."

"हो. खोलीत बसून लिहिलाय."

"लोकांना आत जायला सांग. त्याला पेटी कशाला लागते?"

"आभाळ सकाळपासून गुरगुरतंय सर. तीनदा आत जाऊन आलेत. आता कधी जायचं ते कोण सांगणार? मी?"

"हे बघ, मी नाही म्हणतोय. स्पष्ट. बदललंस तर ते तुझ्या नावावर."

"माझ्याच नावावर लिहा," केतकी म्हणाली. "पूर्ण नाव लिहा, सर. गावासकट."

तिनं फोन गवतावर ठेवला आणि कळ दाबली.

*

आधी काहीच झालं नाही. शेजार हळूच उठायचा. ध्रुवाच्या आठवड्यातही तो सगळ्या पेट्यांत झोपलेला असे, शेजारणीनं हाक मारली की जागा होई. वळेसराखालच्या पेट्यांचे दिवे मिटले, उघडले. मग नदीच्या वरच्या अंगाच्या वेळणे गावातून पहिलं पान आलं.

सातेरवडे, पेट्या एक्केचाळीस. शेजारी म्हणतात: नदीपल्याड आहेत. बॅटरी निम्मी. परवा घरी जाणार.

"वेळणेकरांका कोणी सांगितल्यान?" केतकीनं विचारलं.

"मी," काकी म्हणाली. "सोमवारी हद्द सोडताना थयच्या पेटीत बोलान ठेवलंय. गाव सोडताना शेजाऱ्याक सांगाक नको? आमची नजर ठेवा, येतव म्हणान?"

वेळण्यानं पुढच्या गावाला सांगितलं. त्यानं घाटावरच्या दोघांना. ठिपके उमटत गेले. तीस, नव्वद, दीडशे, दोनशे बारा. कुणी कुणाची हद्द विचारली नाही. काकी पुटपुटत होती. केतकीला ओळखीची चाल ऐकू आली, पण शब्द नवे होते, काकीचे स्वतःचे.

पैल गं वाडीची
सखी माझी जागी
हाळी तिका लागी
ओ देता

लॅपटॉपवर एक ओळ आली. अकरा मिनिटं. काठालगतचे माड.

आणि एक्केचाळीस पेट्या एकदम बोलल्या. इशाऱ्याला भोंगा लावायचा असतो, पण सातेरवड्यानं भोंगा लावला नव्हता. पेटी पहिल्यांदा बसवली तेव्हा काकीनं आपला आवाज भरून दिला होता. वीस वर्षं घशात अडकलेली हाक तिनं तिथं मोकळी केली होती.

"भितर येवा रेऽऽ! काम टाका, भितर येवा! येवा, येवा, येवा!"

तो आवाज माळावरून नदीवर गेला, नदीवरून कड्यावर आदळून परत आला. बाया पिळे तसेच टाकून उठल्या. पोरं धावली. सकाळपासून गुरगुर ऐकून कंटाळलेली माणसं या आवाजाला मात्र एका क्षणात उठली, कारण हा आवाज उगाच कधी उठत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आबांना दोघांनी खांद्यावर घेतलं. ते वरून ओरडत होते, "पोपट! माजो पोपट घेवा कोणीतरी!"

कारखान्याच्या स्लॅबखाली तीनशे ऐंशी माणसं, गुरं, कुत्री एकमेकांना चिकटून उभी होती तेव्हा आभाळ फाटलं. काठालगतचे दोन माड उभे चिरले. त्यांच्या बुंध्याशी असलेल्या सहा खोपी भडकल्या आणि पावसात विझल्या. एका खोपीच्या दारात कुणाची तरी धुण्याची बादली वितळून पडली होती.

काकीनं मोजदाद केली. दोनदा केली. मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. केतकी तिच्याजवळ बसली. मुकुंदकाकांचं नाव दोघींपैकी कुणीच घेतलं नाही.

*

शुक्रवारी केतकीनं तक्ता दिला. इनामदार सरांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही तिसावी ओळ कुठून आली?"

"मी घातली."

"'जागा सोडून गेलेल्याला साठा काय म्हणतो? ध्रुव: मृत. शेजार: परवा घरी जाणार.' केतकी, हा अहवाल आहे. भारूड नाही."

"दोन्ही उत्तरं साठ्यांच्या तोंडची आहेत. मी एक अक्षर घातलेलं नाही."

"एका गावाच्या चालीरीतीवर राज्याची यंत्रणा ठरत नसते. हा अपवाद आहे."

केतकीनं दुसरा कागद पुढे सरकवला. "मी मागच्या वर्षभराच्या, जुन्या वहीतल्या नोंदी काढल्या. तिच्यातही हद्दीचा हाच नियम होता. ऊसतोडीला गेलेले तांडे. मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणारे वाडे. पुरात उठवलेली गावं. धरणासाठी हलवलेल्या वस्त्या. एकशे नव्वद ठिकाणी माणसांनी हद्द सोडली, पेटी उचलून बरोबर नेली, आणि आपण त्यांना मृत म्हटलं. जागा सोडली म्हणून माणूस मरत नाही, सर. तुम्ही नगरचं घर सोडलंत, मी सातेरवडं सोडलं. आपण मेलो का?"

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. ते वाईट नव्हते. ते थकलेले होते, आणि ध्रुवाचे आकडे सुंदर होते.

"मंडळाचं ठरलंय," ते शेवटी म्हणाले. "चाचणी रद्द न करता, पहिल्या सतरा दिवसांवर. ध्रुव. तू सही कर, तुझी बदली करायचं चाललंय, ती थांबवतो. तिसावी ओळ काढ."

"नाही काढणार."

"मग सहीशिवाय जाईल."

"जाऊ दे. माझं नाव खोडून जाऊ दे, पण त्या ओळीसकट जाऊ दे."

"हट्ट करतेस."

"तुम्हीच शिकवलात. पहिल्या वर्षी. आकडा नको असला तरी खोडायचा नाही, म्हणालात."

सर खिडकीकडे वळले. पाठमोरेच म्हणाले, "एक तारखेपासून शेजार सगळ्या पेट्यांतून बंद करायचा. ते काम तुझ्याकडेच आहे. बटण कुठेय?"

"बटण नाही."

"म्हणजे?"

"ध्रुवाला मध्य आहे, म्हणून ध्रुवाला बटण आहे. शेजाराला मध्यच नाही. एका पेटीला पुसून टाक म्हटलं, तर ती शेजारणीला विचारते, आणि शेजारीण सांगते, ती आहे. तक्त्यात आहे ते, अठ्ठाविसावी ओळ. 'एका ठिकाणाहून बंद करण्याची सोय: नाही.' तुम्ही त्यावर शेजाराचे गुण कापले होते."

"मग तसं साधन बनव. किती दिवस लागतील?"

"मला? हा जन्म तरी पुरायचा नाही."

सरांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू होतं की नाही हे तिला सांगता आलं नसतं. "चावी ठेव टेबलावर," ते म्हणाले.

तिनं ठेवली. त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, तिनं स्वतःच्या नावानं सगळ्या ग्रामसभांना एक पत्र लिहिलं. चोरून नाही, मंडळालाही प्रत पाठवली. "पेटी तुमच्या ग्रामसभेची आहे. शेजार तिच्यात आहे. ठेवायचा की काढायचा, सभेत बसून तुम्हीच ठरवा. काढायचा असेल तर कसा काढायचा ते खाली लिहिलं आहे. ठेवायचा असेल तर काहीच करायचं नाही. फक्त शेजाऱ्याशी बोलत राहायचं."

*

एक तारखेला दुपारी सातेरवड्याच्या शाळेच्या पडवीत सगळे जमले होते. गाव केव्हाच घरी परतलं होतं. चुली पुन्हा पेटल्या होत्या, पेट्या आपापल्या खुंटीला लागल्या होत्या. केतकी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मंडळानं तिला कामावरून मोकळं केलं होतं, आणि काकीनं तिला उकडे तांदूळ निवडायला बसवलं होतं.

बारा वाजता पुण्याच्या वहीनं राज्यभर ताबा घेतला. मंडळाचा नकाशा कुणालाही बघता यायचा. केतकीनं तो उघडला. दर्यापासून थोडं आत जिथं सातेरवडे असायला हवं तिथं काळोख होता. हद्दीत परत आल्याचा अर्ज गावानं केलाच नव्हता. सभेत ठरलं होतं, करायचा नाही. आपण कुठे आहोत हे विचारायचं तर येऊन विचारा.

"म्हणजे आमी मेलंव?" आबा राऊळांनी मान पुढे काढून विचारलं.

"पुण्याच्या वहीत. हो."

"मगे बाराव्याचा जेवान खय आसा?"

पडवी हसली. पण हसू लवकर विरलं, कारण सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता. दोनशे बारा होत्या त्या दिवशी. आज किती असतील? सगळ्यांनी पत्र वाचलं असेल? घाबरून काढून टाकलं असेल? आश्विन येणार होता, भात कापायला येणार होतं, आभाळ भरून येणार होतं.

शालनकाकीनं हात पुसले. पेटीसमोर पाट घेऊन बसली, खाली वाकून, जणू विहिरीत डोकावतेय.

"मी सातेरवड्यासून बोलतंय," ती म्हणाली. "शालन घाडीगांवकर. पुण्यात आमचा नाव पुसलेला आसा. ता ऱ्हवांदे. माका इतक्याच सांगा, कोण कोण आसा?"

पेटीचा दिवा मिटला, उघडला. शेजार हळूच उठायचा.

पहिलं वेळणे. बाईमाणसाचा आवाज, शेजारणीचा: "आसंव गो शालन. खय जातलंव?"

मग घाटावरून, दमदार: "हाय की मावशी. हितंच हाय."

मग बराच वेळ काही नाही. आबा पेटीजवळ सरकले. मग खूप लांबून, तापीकाठच्या कुठल्याशा वस्तीतून: "आठेच शेतस माय, आठेच."

मग वऱ्हाडातून कुणीतरी म्हातारं, खोकत: "हावो बाई, आहोत न आमी. काहून घाबरतं?"

मग एकावर एक. काही नुसते आकडे, काही नुसती गावांची नावं, एका ठिकाणाहून पोराच्या रडण्याचा आवाज आणि त्यामागून घाईघाईनं "आहोत, आहोत!" केतकीनं मोजायला सुरुवात केली होती. दोनशे बारा ओलांडले तेव्हा तिनं बोट उचललं आणि मोजणं सोडून दिलं. काळोख्या नकाशावर मंडळाचा एकही ठिपका हलला नाही. पडवीत मात्र पेटी बोलतच होती, थांबायचं नाव घेत नव्हती.

काकीनं मागे वळून गावाकडे बघितलं. मग पेटीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमी पण आसंव."